खाते उघडणे सोपे, बंद करणे अवघड
विद्यापीठांतील संगणक खाती, गट आणि सामायिक साठवण यांची ओळख

दरवर्षी प्रवेशाची धामधूम संपते आणि विद्यापीठाच्या संगणक केंद्रात दुसरी धामधूम सुरू होते. नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकावर एक नाव द्यावे लागते, त्या नावाला पासवर्ड म्हणजेच परवलीचा शब्द जोडावा लागतो, ई-मेलची पेटी उघडून द्यावी लागते, ग्रंथालयातील ऑनलाइन नियतकालिके खुली करावी लागतात आणि त्याच्या फायलींसाठी थोडी जागा राखून ठेवावी लागते. हे सारे मिळून जे तयार होते त्याला संगणकाच्या परिभाषेत 'युजर अकाउंट' किंवा खाते असे म्हणतात.

याच सुमारास साधारण तितकेच विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात. त्यांच्या खात्यांचे काय करायचे, या प्रश्नाकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. त्या खात्यांत प्रबंधांचे मसुदे असतात, प्रयोगांच्या नोंदी असतात, मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार असतो. ती लगेच बंद केली तर चार-पाच वर्षांचे काम नष्ट होण्याची भीती असते. तशीच उघडी ठेवली तर कोणाचेही लक्ष नसलेले एक दार कायमचे उघडे राहते.

विद्यापीठांत हा पेच अधिक बिकट होतो, कारण येथे एकच व्यक्ती एकाच वेळी अनेक भूमिकांत वावरत असते. पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी सकाळी प्रथम वर्षाची प्रात्यक्षिके घेते, म्हणजे तेव्हा ती शिक्षक असते. दुपारी ती एखाद्या प्रकल्पाची साहाय्यक असते आणि संध्याकाळी ग्रंथालयाची सदस्य. प्रत्येक भूमिकेत तिला वेगवेगळ्या फायली उघडता आल्या पाहिजेत आणि भूमिका संपली की त्या बंदही झाल्या पाहिजेत. त्यामुळे वरकरणी तांत्रिक वाटणारा हा विषय प्रत्यक्षात तीन प्रश्नांचा आहे : आपला कोण, किती काळासाठी, आणि त्याने मागे ठेवलेल्या कामावर मालकी कोणाची? यंत्र या प्रश्नांची उत्तरे देत नाही. संस्थेने ठरवलेल्या उत्तरांची ते केवळ अंमलबजावणी करते. ही उत्तरे शोधण्याचे बरेचसे काम गेल्या साठ वर्षांत विद्यापीठांच्या आवारांतच झाले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पासवर्डचा जन्म

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी येथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सीटीएसएस' या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकाच मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांनी वाटून घ्यायचा, ही तिची कल्पना. संगणक एक आणि वापरणारे अनेक म्हटल्यावर कोणाच्या फायली कोणत्या, हे वेगळे ठेवणे भागच होते. त्यासाठी प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड देण्यात आला. संगणकातील पासवर्डचा इतिहास सामान्यतः येथूनच सांगितला जातो.

पहिली चोरीही फार दूर नव्हती. संगणकाच्या वेळेचे वाटप मोजून-मापून होत असे आणि अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा वाटे. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची फाइल छापून देण्याची विनंती पंचकार्डांद्वारे यंत्राकडे केली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. दुसऱ्यांच्या नावे वेळ मिळवण्याची सोय झाली. शेर यांनी ही कबुली अनेक वर्षांनंतर दिली.

१९६६ मध्ये घडलेला प्रकार तर अधिक बोलका आहे. प्रणालीची देखभाल करणाऱ्यांचा एक सामायिक फोल्डर होता. तो एका वेळी एकच जण वापरील असे गृहीत धरून संपादन-प्रणालीने तात्पुरत्या फाइलचे नाव कायमचे ठरवून ठेवले होते. पुढे सोयीसाठी एकाच वेळी अनेकांना त्या फोल्डरमध्ये काम करण्याची मुभा मिळाली, पण जुने गृहीतक तसेच राहिले. एके दिवशी एक जण वापरकर्त्यांसाठीची दैनंदिन सूचना लिहीत असताना दुसरा पासवर्डच्या फाइलमध्ये बदल करू लागला. दोन्ही तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. कोर्बातो यांनी हा प्रसंग १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. सामायिक जागेत जे बिघडते ते बहुधा एखाद्या विसरलेल्या गृहीतकामुळे बिघडते, याचे हे जुने उदाहरण होय.

पासवर्ड जसाच्या तसा साठवूच नये, हा धडा पुढे घेतला गेला. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये या विषयावर लेख लिहिला. पासवर्डवर उलट फिरवता न येणारी गणिती प्रक्रिया करायची आणि तिचे फलित तेवढे साठवायचे, ही पद्धत त्यात मांडली होती. माणसांच्या सवयींबाबतचा त्यांचा निष्कर्ष आजही बोचतो. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड किंवा शब्दकोशातून सहज शोधता येण्याजोगे होते.

मालक, गट आणि इतर

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेली युनिक्स ही प्रणाली सत्तरच्या दशकात विद्यापीठांत पसरली आणि खात्यांचा तिने घालून दिलेला साचा आजही टिकून आहे. या साच्यात प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक गट असतो. बाकीचे सारे 'इतर' या सदरात मोडतात. या तिघांना वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन अधिकार वेगवेगळे देता येतात. ही मांडणी इतकी सुटसुटीत आहे की पाच मिनिटांत समजावी.

तथापि तिच्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की, युनिक्सला माणसाचे नाव ठाऊक नसते, ठाऊक असतो तो केवळ क्रमांक. फाइलवर मालक म्हणून हा क्रमांकच नोंदलेला असतो. समजा, क्रमांक ५०१२ असलेला विद्यार्थी निघून गेला, त्याचे खाते काढून टाकले, पण डिस्कच्या एखाद्या कोपऱ्यात त्याच्या फायली राहिल्या. पुढच्या वर्षी तोच क्रमांक एखाद्या नव्या विद्यार्थ्याला दिला, तर त्या फायलींचा मालक हा नवा विद्यार्थी ठरतो. कोणी काही चोरलेले नसते, तरी एकाची टिपणे दुसऱ्याच्या हाती जातात. म्हणूनच एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये, हा अनुभवी प्रशासकांचा पहिला नियम असतो. ई-मेलच्या पत्त्यालाही हाच नियम लावणे शहाणपणाचे असते, अन्यथा जुन्या माणसाची पत्रे नव्याच्या पेटीत पडतात.

दुसरा खळगा गटांचा. सुरुवातीच्या युनिक्समध्ये माणूस एका वेळी एकाच गटात वावरू शकत असे. दोन प्रकल्पांवर काम करणाऱ्याला ते गैरसोयीचे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चमूने १९८३ मध्ये आणलेल्या '४.२ बीएसडी' या आवृत्तीत एकाच वेळी अनेक गटांचे सदस्यत्व शक्य झाले. साठवणुकीच्या जागेवर मर्यादा घालणारा 'कोटा'ही याच आवृत्तीने दिला. पुढे सन कंपनीची 'एनएफएस' ही पद्धत आली आणि एका यंत्रावरील फायली जाळ्यातून दुसऱ्या यंत्रावर दिसू लागल्या. तिच्या मूळ रचनेत मात्र एका वेळी १६ अतिरिक्त गटांचीच माहिती पाठवण्याची सोय होती. सतराव्या गटात असूनही फाइल का उघडत नाही, या कोड्याने अनेक विद्यापीठांच्या प्रशासकांना छळले आहे.

अथेना : कोणीही, कोठेही

मे १९८३ मध्ये एमआयटीने डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने 'प्रोजेक्ट अथेना' हाती घेतला. जून १९९१ पर्यंत तो चालला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकासमोर बसावे आणि त्याला त्याच्याच फायली दिसाव्यात, हे त्यामागचे उद्दिष्ट होते. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी मात्र विशिष्ट यंत्रावरचे काम त्या यंत्रापुरतेच राहात असे.

कोणीही कोणत्याही यंत्रावर बसणार म्हटल्यावर त्या यंत्रावर विश्वास ठेवणे अशक्य झाले. म्हणून अथेनाने विश्वास यंत्राबाहेर नेला. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर तीन डोक्यांचा कुत्रा राखणीला असतो. त्याचेच नाव दिलेली 'केर्बेरॉस' ही ओळख-पडताळणीची पद्धत येथे जन्मली. तिच्यात पासवर्ड जाळ्यातून कधीच पाठवला जात नाही. मध्यवर्ती सर्व्हर वापरकर्त्याला ठरावीक काळ चालणारे 'तिकीट' देतो आणि पुढे प्रत्येक सेवेसाठी त्या तिकिटाच्या आधारेच प्रवेश मिळतो. मुदत संपली की तिकीट निरुपयोगी होते. त्यामुळे सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक ठरते. सामान्यतः ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज २०००' आणली, तेव्हा तिच्यातील 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी'साठी हीच पद्धत स्वीकारली. आज एखाद्या कचेरीत सकाळी एकदा पासवर्ड देऊन दिवसभर काम चालते, त्यामागे बहुधा एमआयटीतील ही तिकिटेच असतात.

अथेनाचा दुसरा घटक तितकाच महत्त्वाचा, पण कमी परिचित आहे. त्याचे नाव 'मोइरा'. ग्रीक पुराणात मोइरा या माणसाचे नशीब ठरवणाऱ्या तीन देवता. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी तो मोजते आणि तिसरी कापते. सहाव्या रात्री येऊन बाळाचे विधिलिखित लिहिणाऱ्या आपल्या सटवाईची आठवण व्हावी, अशीच ही कल्पना. अथेनाची मोइरा म्हणजे एक मध्यवर्ती माहितीसाठा होता. कोणाचे खाते आहे, कोण कोणत्या गटात आहे, कोणाच्या फायली कोणत्या सर्व्हरवर आहेत, हे सारे एकाच ठिकाणी लिहायचे आणि त्यावरून प्रत्येक सर्व्हरसाठीच्या याद्या आपोआप तयार करून पाठवायच्या. कोणाही प्रशासकाने सर्व्हरवर जाऊन हाताने नाव टाकायचे नाही, हे तिचे तत्त्व.

खाती उघडण्याची तिची रीतही अभ्यासण्याजोगी होती. विद्यापीठाच्या नोंदणी विभागाकडून विद्यार्थ्यांची यादी आधीच मोइरात भरलेली असे. नवा विद्यार्थी संगणकासमोर बसून आपले नाव आणि ओळख क्रमांक देई, स्वतःसाठी लॉगिन नाव आणि पासवर्ड निवडी आणि त्याचे खाते सुरू होई. संगणक केंद्राच्या खिडकीसमोर रांग लावण्याची गरज उरली नाही. याहून मोलाची गोष्ट म्हणजे विद्यार्थी कोण, हे ठरवण्याचा अधिकार नोंदणी विभागाकडेच राहिला. संगणक विभागाने स्वतःची वेगळी यादी ठेवली नाही. जेथे दोन याद्या असतात, तेथे त्या कधी ना कधी परस्परविरोधी होतात.

अँड्र्यू : टपालपेटीचा अधिकार

याच काळात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या सहकार्याने 'अँड्र्यू' प्रकल्प आकाराला येत होता. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोघांचेही पहिले नाव एकच असल्याने प्रकल्पाला ते मिळाले. त्यातून 'अँड्र्यू फाइल सिस्टिम' म्हणजेच 'एएफएस' ही सामायिक साठवणुकीची पद्धत निर्माण झाली. तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक महादेव सत्यनारायणन हे मद्रासच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. या कामासाठी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१६ चा 'एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम' पुरस्कार मिळाला.

युनिक्सच्या तीन अधिकारांऐवजी एएफएसने प्रत्येक फोल्डरसाठी सात अधिकार दिले. फायलींची यादी पाहणे, फाइल वाचणे, नवी फाइल टाकणे, असलेल्या फाइलमध्ये बदल करणे, ती पुसणे, वापर चालू असताना तिला कुलूप लावणे आणि हे अधिकार इतरांना देणे असे ते सात. एवढे बारकावे कशाला, असे वाटू शकेल. त्याचे उत्तर वर्गात मिळते. विद्यार्थ्यांकडून गृहपाठ गोळा करण्यासाठी प्राध्यापकाने एक फोल्डर केला आणि विद्यार्थ्यांना त्यात यादी पाहण्याचा आणि नवी फाइल टाकण्याचा, एवढाच अधिकार दिला, तर तो फोल्डर रस्त्यावरच्या टपालपेटीसारखा होतो. पत्र कोणीही टाकावे, पण पेटी उघडून वाचणार तो पोस्टमनच. एकाचा गृहपाठ दुसऱ्याला उतरवून घेता येत नाही.

गट तयार करण्याचे स्वातंत्र्यही एएफएसने सामान्य वापरकर्त्याला दिले. चार विद्यार्थ्यांना एकत्र प्रकल्प करायचा असेल तर संगणक केंद्राकडे अर्ज करण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापैकी एकाने आपल्या नावाने गट करायचा, बाकीच्यांना त्यात घ्यायचे आणि फोल्डर गटाच्या स्वाधीन करायचा. याशिवाय, एखाद्याला अधिकार तातडीने नाकारायचा असेल तर फोल्डरवर त्याच्या नावापुढे थेट नकार नोंदवता येई. साऱ्या गटांतून नाव काढण्याचे काम मग सावकाश झाले तरी चालत असे.

साठवणुकीच्या बाबतीत एएफएसने 'व्हॉल्यूम' ही कल्पना आणली. प्रत्येक वापरकर्त्याच्या किंवा प्रकल्पाच्या फायलींचे एक गाठोडे बांधायचे आणि कोटा त्या गाठोड्यावर लावायचा. एका सर्व्हरची डिस्क भरत आली तर हे गाठोडे दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी फाइलचे ठिकाण तेच राहते. आदल्या रात्रीच्या स्थितीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये दिसत असल्याने चुकून पुसलेली फाइल विद्यार्थ्याला स्वतःच परत आणता येई.

पाऊण डॉलरची तफावत

खाते बंद न करण्याची किंमत काय असते, हे १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून चालवल्या जाणाऱ्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ नुकतेच संगणक विभागात रुजू झाले होते. तेथे संगणकाच्या वापराचा हिशेब वापरकर्त्यागणिक ठेवला जाई. त्या महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटची, म्हणजे पाऊण डॉलरची तफावत आली. स्टॉल यांना ती शोधण्याचे काम मिळाले.

माग काढता काढता आढळले की, पूर्वी येथे असलेल्या आणि आता दूर निघून गेलेल्या एका माणसाचे पडून राहिलेले खाते कोणीतरी वापरत होते. घुसखोर जर्मनीतील हॅनोवर येथून येत होता आणि प्रयोगशाळेच्या संगणकाचा पायरीसारखा उपयोग करून अमेरिकी लष्करी संगणकांची दारे ठोठावत होता. स्टॉल यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्याने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केला आणि ३० हून अधिक ठिकाणी त्याला यश आले. जमवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकली गेल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने घुसखोरांना दोषी ठरवले.

या प्रकरणाचा सामान्यतः सांगितला जाणारा भाग हेरगिरीचा आहे. खाते व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र त्यातला बोध साधा आहे. ज्या खात्याचा मालक रोज येतो, त्या खात्यात काही वावगे घडले तर तो तक्रार करतो. मालक निघून गेलेल्या खात्यासाठी तक्रार करणारे कोणीच नसते.

येणे, बदलणे, जाणे

आज मोठ्या विद्यापीठांत खात्याच्या आयुष्याचे तीन टप्पे मानले जातात : येणे, बदलणे आणि जाणे. विद्यार्थी आले की नोंदणी विभागाच्या आणि कर्मचारी आले की आस्थापना विभागाच्या यादीवरून खाते तयार होते. ही माहिती 'एलडॅप'सारख्या निर्देशिकेत ठेवली जाते. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात आकाराला आलेली ही पद्धत म्हणजे विद्यापीठाची जणू टेलिफोन डिरेक्टरीच. इतर प्रणाली तिच्याकडे विचारणा करून कोण कोणत्या गटात आहे ते ठरवतात.

यातला कळीचा नियम असा की, अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावेत आणि व्यक्तीला गटात घ्यावे. एखाद्या प्राध्यापकाला ४० फोल्डरांवर नावानिशी अधिकार दिले, तर त्याची बदली झाल्यावर ती ४० ठिकाणे कोणाच्याच लक्षात राहात नाहीत. तेच अधिकार 'परीक्षा समिती' या गटाला दिलेले असतील, तर गटातून एक नाव काढले की काम भागते. गटाला मात्र जबाबदार मालक असला पाहिजे आणि तो निवृत्त झाल्यावर गट निर्नायकी राहू नये, यासाठी दुसरा मालकही नेमलेला असावा.

बदलण्याचा टप्पा सर्वांत फसवा असतो. माणूस जातो तेव्हा निदान निरोपाचा कागद निघतो. तो एका विभागातून दुसऱ्यात जातो तेव्हा नवे अधिकार मिळतात, पण जुने काढून घेण्याची आठवण कोणालाच राहात नाही, कारण त्याविषयी कोणाची तक्रार नसते. वीस वर्षे सेवा झालेल्या लिपिकाकडे सात विभागांच्या चाव्या साठलेल्या असतात, त्या अशा. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक गटाच्या मालकाने यादी वाचून ती पुन्हा मंजूर करावी, अशी पद्धत चांगल्या संस्थांत असते.

विभागात सर्वांनी मिळून एकच खाते आणि एकच पासवर्ड वापरण्याची पद्धतही घातक ठरते. निकालपत्रकातील गुण बदलले गेले तर बदल कोणी केला, हे अशा वेळी कोणालाच सांगता येत नाही. प्रामाणिक कर्मचाऱ्याला आपला निर्दोषपणा सिद्ध करण्याची सोयही राहात नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती मात्र आता जाणकारांना मान्य नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे सुचवले. लांब पासवर्ड आणि त्याच्या जोडीला मोबाइलवरील दुसरी पडताळणी अधिक उपयोगी ठरते.

फाइल कोणाची?

गटाच्या फोल्डरमधील फाइल गटाची, असे आपण समजतो. संगणकाच्या लेखी मात्र ती बहुधा निर्माण करणाऱ्या व्यक्तीची असते. संशोधन गटातील विद्यार्थ्याने सामायिक फोल्डरमध्ये मोजमापांचा तक्ता ठेवला आणि तो निघून गेला, तर बाकीच्यांना तक्ता वाचता येतो, पण दुरुस्त करता येईलच असे नाही. युनिक्समध्ये यावर उपाय आहे. फोल्डरला विशिष्ट खूण केली की त्यात तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाच्या नावे नोंदली जाते. ही खूण सुरुवातीलाच करावी लागते, हे विसरून चालत नाही.

इंटरनेटवरील साठवणुकीतही हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. 'गुगल ड्राइव्ह'मध्ये व्यक्तीच्या नावे असलेली फाइल इतर पन्नास जण वापरत असले, तरी त्या व्यक्तीचे खाते काढून टाकल्यास आणि मालकी आधी दुसऱ्याकडे न दिल्यास ती फाइल सर्वांसाठीच नाहीशी होऊ शकते. २०१७ मध्ये गुगलने सामायिक ड्राइव्हची वेगळी सोय आणली. तिच्यातील फायली व्यक्तीच्या नावे न राहता संस्थेच्या नावे राहतात.

जागेच्या मर्यादेचेही तसेच. २०१४ मध्ये गुगलने शिक्षण संस्थांना अमर्याद साठवण विनामूल्य देऊ केली आणि जगभरातील विद्यापीठांनी कोटा ठेवणे जवळपास सोडून दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने हे धोरण बदलत असल्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट एवढीच मूळ जागा राहिली. हजारो माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या फायली कोणाच्या, त्या कोणी पुसायच्या, कोणाला विचारून पुसायच्या, हे पुढे ढकललेले प्रश्न अनेक विद्यापीठांच्या दारात एकाच वेळी येऊन उभे राहिले. कोटा हा कंजूषपणा नसून काय जपायचे आणि काय सोडायचे याचा वेळच्या वेळी विचार करायला लावणारा नियम आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

क्योटोचा धडा

सामायिक साठवणुकीतील सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे 'सर्व्हरवर ठेवले, आता चिंता नाही'. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये या समजाला जबर धक्का बसला. महासंगणकाच्या साठवण यंत्रणेत १० दिवसांहून जुन्या नोंदी पुसणारी एक लहानशी आज्ञावली होती. ती चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी आज्ञावली चालली, कोणता फोल्डर साफ करायचा हे सांगणारी जागा रिकामी राहिली आणि तिने नोंदींऐवजी संशोधकांच्या फायली पुसायला आरंभ केला. १४ ते १६ डिसेंबर या काळात ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फायली नाहीशा झाल्या. १४ संशोधन गटांना त्याची झळ बसली. त्यांपैकी ४ गटांची माहिती परत मिळवता आली नाही.

ही आज्ञावली बॅकअपच्या कामाचाच एक भाग होती, हे विशेष. प्रत कोठे आहे, ती मूळ साठ्यापासून खरोखरच अलग आहे का आणि तिच्यातून फाइल परत आणून कोणी पाहिली आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज बॅकअप आहे, असे म्हणता येत नाही.

एका विद्यापीठाची ओळख, दुसऱ्याच्या दारी

खात्याचा उपयोग आता आवारापुरता राहिलेला नाही. युरोपात २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या 'एज्युरोम' या व्यवस्थेमुळे एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर आपल्याच खात्याने तेथील वायफाय वापरू शकतो. पासवर्ड यजमान विद्यापीठ तपासत नाही. ते विचारणा विद्यार्थ्याच्या मूळ विद्यापीठाकडे पाठवते आणि तेथून होकार आला की जोडणी देते. भारतात एज्युरोमचे काम 'अर्नेट इंडिया' पाहते. गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' या केंद्राची 'इन्फेड' ही व्यवस्था अशाच तत्त्वावर विद्यार्थ्यांना घरबसल्या ऑनलाइन नियतकालिके वाचू देते.

या साऱ्या व्यवस्था एकाच गृहीतकावर उभ्या आहेत : 'हा आमचा विद्यार्थी आहे' असे मूळ विद्यापीठ म्हणते, तेव्हा ते खरे असते. ज्या विद्यापीठाने तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांची खाती बंद केलेली नाहीत, ते रोज नकळत खोटी साक्ष देत असते. दुसरीकडे, भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपल्यावर ती पुसावी, हे तत्त्व मान्य केले आहे. खाते बंद करण्याची रीत ठरवणे हा त्यामुळे आता केवळ संगणक केंद्राच्या शिस्तीचा भाग राहिलेला नाही.

ही रीत एका फटक्यात दार लावण्याची नसावी. आधी सूचना, मग काही महिन्यांची सवलत, त्यानंतर प्रवेश बंद पण फायली सुरक्षित, आणि मार्गदर्शकाने वा विभागाने काय ठेवायचे ते निवडल्यावरच अखेरची सफाई, असा क्रम सुरक्षिततेला आणि माणसाच्या कामालाही न्याय देतो. मोइरातील तिसऱ्या देवतेचे काम कोणाला आवडत नाही, पण ते कोणी आणि केव्हा करायचे, हे धागा कातण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

विद्यापीठ सोडण्यापूर्वी
- सामायिक फोल्डरमधील आपल्या नावे असलेल्या फायलींची मालकी मार्गदर्शकाकडे किंवा गटाकडे सोपवावी.
- प्रबंध, प्रमाणपत्रे आणि वैयक्तिक पत्रव्यवहार यांची प्रत स्वतःकडे घ्यावी आणि ती उघडते का, हे पाहावे.
- बँक, नोकरीचे अर्ज, शिष्यवृत्ती यांसाठी विद्यापीठाचा ई-मेल पत्ता दिलेला असल्यास तो वेळीच बदलावा.
- आपण ज्या गटांचे मालक आहोत, त्यांना दुसरा मालक नेमून द्यावा.
- खाते केव्हा बंद होणार, याची तारीख संगणक केंद्राकडून लेखी घ्यावी.
- 'थोडे दिवस वापर' म्हणून आपला पासवर्ड मागे राहणाऱ्या सहकाऱ्याला देऊ नये. त्याला हव्या असलेल्या फोल्डरवर त्याच्याच नावे अधिकार मागून घ्यावा.